येणारी बाई

— नाही, नाही, आतून नाही, बाहेरून. फोनवर बाहेरून म्हणाले होते ना मी? आतून कडी आहेच की, आणि ती उघडायला आईला अजून येतं, तोच तर सगळा घोळ आहे. बाहेरून हवी. कडी, कोयंडा, कुलूप, सगळं बाहेरच्या अंगाला. असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही कुलपं बसवता का चेहरे वाचता? पेटी इथे ठेवा. चपला राहू द्या पायात, फरशी पुसायचीच आहे, आणि तिला तरी काय, बाबा इथे आले तेव्हापासून तीच आहे. घर इतकं नवं होतं की भिंतींचा चुना ओला होता. बाबांनी टेकून श्वास घेतला तर पंजाचा ठसा उमटला, तो अजून मोरीजवळ आहे. आम्हीच पहिले या घरात. तर ड्रिल जरा हळू, आई झोपलीय आत. दुपारची झोप तिची पक्की असायची, त्याच भरवशावर मी कामाला जायचे. थिएटरच्या तिकीट-खिडकीत बसते मी, काचेच्या आत. लोक विचारतात पिक्चर कसा आहे, आणि मी एकही पाहिलेला नसतो, तरी सांगते. नायक शेवटी मरतो म्हणून सांगते, सगळ्याच पिक्चरचा. बायका रुमाल घेऊन बसतात, तो मरत नाही, मग काय खूश होऊन बाहेर येतात! फुकटचा आनंद. तेव्हा माझं ऐकाल त्यातलं निम्मं सोडून द्यायचं, हे आधीच सांगून ठेवते. कुठलं निम्मं ते तुमचं तुम्ही बघा.

तुम्हालाच का बोलावलं माहितेय? इथे चावीवाले काय कमी आहेत? कोपऱ्यावरच्या दुकानात तर बाप-लेक दोघं बसलेले असतात दिवसभर एकमेकांवर डाफरत. पण तुम्ही फोनवर इथल्या भाषेत सगळं नीट विचारलंत, पत्ता घेतलात, मजला घेतलात, आणि ठेवता ठेवता तोंडातून गेलं तुमच्या — 'बरं, येतो.' आपल्या भाषेत. गेलं की नाही? तुमच्या लक्षातही नसेल. मी इकडे फोन धरून उभीच. म्हटलं, आपला माणूस! कारण इथले लोक निघताना सरळ जातो म्हणतात. आणि येतो म्हणाले तर खरंच येतात, कोट घातलाय, जिना चढतोय असे. आपण पाठ फिरवतानाही येतोच म्हणणार. जाते म्हटलं की घरातलं कुणीतरी लगेच डोळे वटारणार — जाते काय म्हणतेस गं, येते म्हण! आईच्या तर ते हाडात. इथली भाषा शिकली, इथल्यासारखे केस कापले, बूट घातले, पण हे एक सोडलं नाही. तिनं काय केलं, त्या 'येते'चं भाषांतर करून टाकलं. पाववाल्याकडून पाव घ्यायचा आणि निघताना खणखणीत आवाजात, इथल्या भाषेत — मी येते! तो बिचारा दुकान बंद करायचं थांबायचा. बाई येते म्हणालीय. एकदा तर म्हणे बायकोला त्यानं जेवण दुकानात आणायला लावलं. दातांच्या डॉक्टरकडे दाढ काढून घेतली, तोंडात कापूस, दारातून वळली आणि — मी येते! त्यानं चिमटा परत हातात घेतला. मग नावच पडलं तिला. इथल्या भाषेत तो एकच शब्द होतो, आपल्यात म्हणायचं तर येणारी बाई. 'आज येणारी बाई दिसली नाही?' 'येणारी बाई आत्ताच गेली.' असं. हसा की! सगळे हसतात याला. मी खिडकीतसुद्धा सांगते ही गोष्ट, मागे रांग लागलेली असली तरी.

काय झालं? भसकन आत गेलं? जाणारच, लाकूड जुनं — लाकूड नाही? लांबी भरलेली आहे? अगं बाई. भोक बुजवलेलं आहे म्हणता. हां हां, ते होय. ते आधीचे लोक होते ना इथे, त्यांचा कुत्रा होता. वासराएवढा. ते कामाला जायचे तर त्याला कोंडून जायचे. आणि हुशार इतका की आतली कडी दातानं सरकवून बाहेर पडायचा, जिना उतरायचा, कोपऱ्यावर जाऊन उभा राहायचा, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय हुंगत, आपला माणूस कुठला ते शोधत. म्हणून बाहेरून कुलूप. दिवसभर आतून दार खरवडायचा म्हणे. जाऊ दे, तुम्ही तुमचं काम करा.

कुलूप का हवंय ते तरी विचारा. नाही विचारत? मी सांगते. गेल्या आठवड्यात मी कामाहून आले तर दार उघडं. आई नाही. कोट नाही, पर्स नाही, आणि पलंगावरची चादर नाही. शोधून शोधून शेवटी कुठे सापडली? हॉटेलाच्या मागच्या दारी. ते मोठं हॉटेल होतं बघा, आता बंद पडलंय, पुढे नुसत्या गाड्या लावतात. त्याच्या तळघरात आईनं आयुष्य काढलं, धुलाईखान्यात, चादरींच्या घड्या घालत. तर तिथे, ज्या दारातून ती रोज कामाला आत जायची त्या दाराशी ती उभी. हातात आमची चादर, दोन टोकं तिच्या हातात, आणि दुसरी दोन टोकं कुणाच्या हातात? गाड्यांवरच्या रखवालदाराच्या! हा असा दांडगा माणूस, कमरेला शिटी, आणि आई त्याला शिकवतेय. टोकं धर, ताण, झटक, आता चालत ये. तो चालत येतो, आई चालत जाते, टोकाला टोक. घडी झाली की आई ती मोडते आणि परत पहिल्यापासून. दुपारभर चाललं होतं म्हणे. तो मला म्हणाला, बाई, मी यांना सोडून पोलिसांना फोन करायला जाणार तरी कसा, माझे दोन्ही हात गुंतलेले! मी इतकी हसले. धाकट्याला सांगितलं तर तो नाही हसला. धाकटा म्हणजे माझा भाऊ, लांब असतो, फोनवरून प्रेम करतो. तो म्हणाला, ताई, पुन्हा एकदा जर ती अशी बाहेर पडली तर मी येऊन तिला त्या म्हाताऱ्यांच्या घरात नेऊन ठेवणार, मी बोलून ठेवलंय तिथे. ताई, तुझ्याच्यानं होत नाहीये, म्हणाला. तिथे, चावीवाले, आपली भाषा कुणाला येत नाही. आणि इथली भाषा तर आईची गळून पडलीय, भिंतीवरच्या रंगाचे पोपडे पडतात तशी, वर्षभरात सगळी. आता फक्त आपली उरलीय. तिथे ती पाणी मागेल आणि ते तिला गोळी देतील. म्हणून कुलूप. मी कामाला जाईन, आई आत सुखरूप, धाकटा गप्प. तिघांचंही भलं. चौथे तुम्ही.

आता परत काय? चारही भोकं? कडीच्या मापाचीच? हो का. तर मग एवढा मोठा कुत्रा — काय म्हणालात? आम्हीच पहिले म्हणाले मी मघाशी? म्हणाले का? बघा, खोटं बोलणाऱ्यानं भिंतीच्या चुन्याबद्दल बोलू नये. पकडलंत. बरं, कुत्रा नव्हता. बाबांनी इथे नावाची पाटी लावली होती. — कमरेएवढ्या उंचीवर? का, बुटक्या लोकांनी आमचं नाव वाचायचं नाही?

तुम्ही हसतच नाही हो. नुसतं ते ड्रिल हातात धरून बसता. असा श्रोता असला की माणूस चुकून खरं बोलतो.

बाबांनीच लावली होती. कडी. बाबा वाईट नव्हते, हे आधी ऐका, कारण ही गोष्ट सांगितली की लोक बाबांना वाईट म्हणतात, म्हणून मी सांगत नाही, कुत्र्यावर ढकलते. बाबा इथे आईच्या आधी आले. काचेच्या कारखान्यात, बाटल्या. पहिल्याच आठवड्यात ते चुकले. या सगळ्या इमारती बघितल्यात ना, एकीसारखी एक, जिने सारखे, दारं सारखी. ते कुणाच्या तरी दाराला आपली किल्ली लावत बसले. लागेना म्हणून जोर केला. आतून चार भाऊ बाहेर आले आणि बाबांना भाषा येईना, माझं घर माझं घर एवढंच म्हणत राहिले, आपल्या भाषेत. कान कायमचा गेला एक. तर आई आली तेव्हा त्यांच्या डोक्यात ते होतं. आई लग्न होऊन सरळ इथे, कडेवर पुढच्याच वर्षी मी, भाषेचं अक्षर येईना. बाबा म्हणाले, मी कामावर असताना तू बाहेर पडलीस आणि तुझं काही झालं तर? आई म्हणाली, नाही पडत. बाबा म्हणाले, आणि कुणी आत आलं तर? आणि कडी आणली. कुलूप लावायचे, किल्ली खिशात घालायचे, जाताना दोनदा ओढून बघायचे. प्रेमानंच ओढायचे, असं आई म्हणायची. मी म्हणते, असेलही.

आता तुम्ही बाहेरून बघा — दाराला कुलूप आहे, म्हणजे घरात कुणी नाही. बरोबर? समोरच्या खोलीत एक शिवणवाली राहायला आली. इथलीच. त्याच हॉटेलाचं फाटकं कापड शिवायची. तिला कुलूप दिसतं आणि आत पावलं ऐकू येतात. बाळ रडतं. ती दार वाजवते. आणि आपल्याकडे दार वाजलं की बाई काय म्हणते? येते! बाबांनी तिला इथल्या भाषेतले मोजके शब्द शिकवले होते, नको, पाणी, उपकार, आणि हा. आई आतून ओरडली — मी येते! शिवणवाली थांबली. दार उघडेना. परत वाजवलं. मी येते, मी येते! आणि येत नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मग जिन्यातल्या पोरांना खेळच झाला — दार वाजवायचं, आतून 'मी येते' आलं की पळायचं. ती पोरं म्हणायला लागली, येणारी बाई. कुलपाच्या आतली, येते येते म्हणणारी आणि कधीच न येणारी. नाव तिथे पडलं. पाववाला, डॉक्टर, ते सगळं नंतरचं. तेही खरंच आहे हं, चिमटा सोडला तर.

मघाशी हसा म्हणाले, आता नका हसू.

मग शिवणवालीच्या डोक्यात प्रकाश पडला असेल. तिनं एक स्टूल आणलं आणि इथे, तुम्ही बसलाय अगदी तिथे, येऊन बसली कापडाची टोपली घेऊन. आणि दारातून आईला भाषा शिकवायला लागली. कशी? दिसत तर काहीच नाही. तर वाजवून. किल्ल्या खुळखुळवल्या आणि म्हणाली, किल्ली. कात्री वाजवली, कात्री. कापड टर्रकन फाडलं, कापड. भांडं, खोकला, जिना, पाऊल, शिंक. आई आतून परत म्हणायची, दाराला तोंड लावून, ओरडून, कारण दार जाड. म्हणून आई आयुष्यभर इथली भाषा ओरडूनच बोलली! दुकानात, दवाखान्यात, माझ्या शाळेत. मास्तरीणबाईंना वाटायचं भांडायलाच आलीय. आपली भाषा बोलताना आवाज मऊ, आणि इथली सुरू झाली की जशी दाराआडून. आणि ज्या वस्तूला आवाज नाही तिचा शब्द तिला कधी आलाच नाही. मीठ, धूर, सावली, कापूस. भाषा गळेपर्यंत बोट दाखवायची. यातलं निम्मं सोडून देऊ नका. हे सगळं ठेवा.

आणि बटणालाही आवाज नसतो. मी रांगत होते. बाबांच्या कोटाचं बटण पडलेलं, मी गिळलं. अडकलं. निळी पडले म्हणे. आई दारावर धडका मारतेय, आणि शब्द कुठला आहे तिच्याकडे? बटण माहीत नाही, गळा माहीत नाही, वाचवा तर तिला कुणीच शिकवलेलं नाही. ती आपली एकच ओरडतेय, मी येते! मी येते! मी येते! बाहेर शिवणवालीनं हे शंभरदा ऐकलेलं. पण त्या दिवशी तिला ते वेगळं ऐकू आलं. ती खोलीत गेली, शिवणकामाची ती लोखंडी इस्त्री आणली, धोंड्यासारखी जड असते, आणि घातली कुलपावर. कडी लाकडासकट बाहेर आली. मला उलटं धरून तिनं पाठीत असा गुद्दा घातला की — ते बटण कुठे गेलं मला विचाराल तर अजून आत आहे, थंडीत वाजतं. बाबा कामाहून आले तर कडी लोंबतेय, आणि आम्ही दोघी समोरच्या खोलीत, मी शिवणाच्या टेबलावर झोपलेली. त्यांनी काय केलं? सुट्टीच्या दिवशी लांबी कालवली, ही चार भोकं भरली, पॉलिशकागदानं घासली, वरून रंग दिला. इतकं बेमालूम की तुमचं ड्रिल आत जाईपर्यंत मलासुद्धा नेमकी जागा ठाऊक नव्हती. त्यानंतर बाबा या दाराला हात लावताना नेहमी तळव्यानं लावायचे, मुठीनं नाही. कधी वाजवलं नाही त्यांनी ते.

चला, तुमचं बसवून झालेलं दिसतंय, आणि मी अजून आईला तळघरातच नेते आहे! तिथे शिवणवालीनंच चिकटवलं तिला. दार उघडलं ते एवढ्यासाठी — जिना उतरायचा, रस्ता ओलांडायचा, आणि हॉटेलाच्या मागच्या दारानं खाली. वाफ, खिडकी एक नाही, अंगातले कपडे सकाळी जे भिजायचे ते संध्याकाळपर्यंत. वर लोक जगभरातून येऊन झोपायचे, आणि खाली आईला त्यांच्या फक्त चादरी माहीत. चादरीच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला शिवणवाली. शिवणवाली आपली भाषा एवढीच शिकली — 'ये.' ती म्हणायची ये, आई म्हणायची आले, टोकाला टोक, आणि चादर अर्धी. मी शाळेतून सुटले की तिथे गाठोड्यावर बसून बघायचे. वाटायचं या दोघी दिवसभर एकमेकींना भेटतायत. माहेरी? कधीच नाही गेली. निघताना तिच्या आईला येते म्हणून आली होती. म्हणाली म्हणजे म्हणाली. दर वर्षी पुढच्या वर्षी. एकदा बॅग भरली, तर धाकट्याला गोवर. एकदा बाबांचा हात भाजला भट्टीत. एकदा सगळं जमलं तर तिकडून फोन आला, आता घाई करू नको, आता कुणासाठी येणार. तिनं बॅगेतून कपडे काढले, घड्या घातल्या, परत कपाटात. आणि बाबा गेले, धाकटा गेला — म्हणजे नोकरीला गेला हो, ते तसले 'गेला' नाही — आणि मी. मी कुठे जाणार? मी याच घरात रांगले, याच घरात केस पिकले. लग्न? एकदा एकानं विचारलं होतं. थिएटरात मशीन चालवायचा. चांगला होता. मी म्हटलं, येते, आईला सांगून येते. तुम्ही हसलात! अखेर हसलात! नाही, हसायचंच आहे ते.

शिवणवाली गेली तेव्हाची गंमत सांगते. तिला पुरलं, सगळे काळे कपडे घालून उभे, तिचे भाचे-पुतणे, कुणी हुं की चूं करेना. आणि आई खड्ड्याशी वाकली आणि इथल्या भाषेत, दाराआडून बोलल्यासारखं, ठणठणीत — मी येते! सगळे चमकून बघायला लागले. तिचा भाचा मला हळूच म्हणतो, तुमच्या आईंना एवढी कसली घाई आहे?  तेव्हापासून आई चादरीचं दुसरं टोक शोधतेय. घरात मी धरते. सकाळपासून धरते. माझे हात दुखतात हो, चावीवाले. कधी कधी टोक सोडून द्यावंसं वाटतं आणि — बसली का कडी? दाखवा. छान आहे. स्क्रू दिसतच नाहीत? कुलूप लागलं की झाकले जातात? मग तर बरंच. आणि किल्ली नसली तर? कुणाच्या बापाला उघडायचं नाही म्हणता. वा. द्या, दोन्ही किल्ल्या मलाच द्या, तुमच्याकडे एक कशाला? इथे खिशात. आता लावून बघायचं? थांबा, मी आत जाते. पलंग वाजला, आई उठलीय, दार बंद झालं तर घाबरेल. आणि मला ऐकायचंय आतून कसं वाटतं ते. तुम्ही ओढा. ओढा हो.

— लागलं? ऐकू येतंय का? दार जाड आहे! चांगलं लागलंय, हलत नाही! आता काढा! — काय? किल्ली? किल्ली तर — अरे देवा. दाबलं की लागणारं कुलूप होय ते? मग दाबलंत कशाला? मी ओढा म्हणाले, दाबा म्हणाले नाही! किल्ल्या इथे आहेत, माझ्या खिशात, दोन्ही! थांबा, खालून सरकवते. नाही जात. थंडीची रबराची पट्टी ठोकलीय मी. खिडकीतून? खिडकीला जाळी बसवून घेतली मागच्या महिन्यात, आईसाठीच, सुई जायची नाही त्यातून. चावीवाले? अहो? आहात ना? बोलत का नाही? — आई, तू थांब गं. काही नाही, दार जरा अडकलंय. नको, पर्स नको घेऊ. आई — काय? चावीवाले, ऐकलंत का? आई म्हणतेय, लांबून नको बोलू, तोंड फटीला लाव. म्हणतेय, घाबरू नको. तिनं मला खाली बसवलंय, माझ्या पाठीवरून हात फिरवतेय. म्हणतेय, ती इस्त्री आणायला गेली असेल. येईल. ती येते म्हणाली की येते.

अहो! आहात का बाहेर?

मी येते! मी — अगं आई गं. काय बोलले मी हे?

तोडा. तोडा ते! करवत असेल, छिन्नी असेल, जे काय असेल ते घाला त्याच्यावर! नवीन आहे तर असू दे! लाकडासकट येऊ दे! घाला!

— हां. हां. झालं. मागे व्हा, आईला बाहेर यायचंय. येऊ दे तिला. नाही आई, ही ती नव्हे, हा चावीवाला आहे. जाऊ दे, तुम्ही धरा. धरा हो, टोक धरा, चादरीचं, तुमच्यासाठीच आणलीय तिनं, हात धुळीचे असले तरी चालतील. दोन्ही टोकं. ताणा. झटका. आता ती म्हणेल तेव्हा चालत या. हं, या. जुळवा. बघा, जमलं की. रखवालदारापेक्षा बरे आहात.

नाही, दुसरं कुलूप नको. ती फळी राहू द्या तशीच फुटकी. धाकट्याला सांगेन, बसलं कुलूप, छान बसलं, पेढे वाटावेत असं बसलं. गोष्टी काय मला कमी आहेत? तिकीट-खिडकीत बसेल दुसरी कुणी, तिथे काय, नायक मरत नाही एवढंच खरं सांगेल. मी आहे इथे. खुर्चीत बसून राहायची सवय आहेच मला, ती आता दाराशी लावायची. निघा तुम्ही आता. पेटी घ्या, ती छिन्नी राहिली बघा. आणि हे ऐका, ती बघतेय तुमच्याकडे. आता जाताना येतो म्हणू नका. म्हणालात तर ती इथे चादर धरून बसेल, आणि मला काही तिला उठवता यायचं नाही. जातो म्हणा. इथल्यांसारखं, सरळ. म्हणा ना. जमत नाही?

मग काहीच म्हणू नका. जा.